तिसऱ्या गायकाचा अपराध कोणता?

आरोपीची बाजू ऐकून घेण्यापूर्वीच त्याला शिक्षा फर्मावली जावी, आणि पंचवीसाहून अधिक वर्षे लोटल्यावरही त्या निकालाचा फेरविचार करावा असे कोणास वाटू नये, असे न्यायालयात क्वचितच घडते. रसिकांच्या दरबारात मात्र ते नित्य घडते. 'जेनेसिस' या इंग्लिश बँडचा तिसरा गायक रे विल्सन, आणि त्याने गायिलेला या बँडचा १९९७ सालचा 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' हा आल्बम, यांच्या वाट्यास असाच निकाल आला आहे. आम्ही कोणी संगीतशास्त्रज्ञ नव्हे. सरकारी कचेरीत टिपणे लिहिणारे एक पदवीधर कारकून आहोत. परंतु कागदपत्रे न वाचता मारलेला शेरा कसा ओळखावा, एवढे तरी या नोकरीने आम्हांस शिकविले आहे.

प्रसंग घडला तो असा. गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीतील एका स्नेह्यांकडे रविवारी दुपारी पाच-सहा मराठी मंडळी जमली होती. स्नेही वयाने व हुद्द्याने आम्हांहून वडील. नाट्यसंगीत आणि सत्तरीच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉक अशा दोन दूरदूरच्या गावांवर त्यांचे सारखेच प्रेम आहे. फोन ध्वनिवर्धकाला जोडलेला होता, एकामागून एक गाणी वाजत होती. त्यांत कशी कोण जाणे, याच आल्बममधली एक रचना सुरू झाली. मिनिटभरही झाले नसेल, तोच स्नेह्यांनी हात पुढे करून ती बंद केली आणि म्हणाले, "अहो, हे जेनेसिस नव्हे. गळा गेला तिथे गाणे गेले." सर्वांनी माना डोलावल्या. त्यांतील दोघांनी तो आल्बम उभ्या जन्मात ऐकलेला नाही, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या घरचा चहा हातात आहे त्यांच्याशीच हुज्जत घालणे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून ती येथे घालीत आहोत.

ज्या वाचकांचा या प्रकाराशी परिचय नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. तीन मिनिटांत संपणारे, नाचण्याजोगे गाणे हा रॉक संगीताचा मूळ धर्म. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुणांना तो अपुरा वाटू लागला. त्यांनी दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधल्या, ताल मध्येच बदलले, पुराणकथा व परीकथा यांतून विषय उचलले, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची वळणे गिटार व कीबोर्ड यांवर उतरवली. याला प्रोग्रेसिव्ह रॉक असे नाव पडले. या पंथात गायकाचे स्थान महत्त्वाचे खरे, तथापि तो सर्वेसर्वा नव्हे. पुष्कळदा पाच-पाच मिनिटे तो गप्प उभा असतो आणि वाद्येच बोलत असतात. 'गळा गेला तिथे गाणे गेले' हे विधान एखाद्या भावगीत गायकाबद्दल कदाचित चालून जाईल. ज्या संगीताचा अर्धा भाग गळ्याविनाच उभा आहे त्याबद्दल ते करणे म्हणजे इमारतीची किंमत दारावरील पाटीवरून ठरविणे होय.

जेनेसिसचा जन्म १९६७ साली चार्टरहाउस या इंग्लिश निवासी शाळेत झाला. पीटर गेब्रिएल गाणारा, टोनी बँक्स कीबोर्डवर, माइक रदरफर्ड बास व गिटारवर. १९७०मध्ये फिल कॉलिन्स ड्रम्स वाजवण्यासाठी आला, आणि पाठोपाठ गिटारवादक स्टीव्ह हॅकेट येऊन मिळाला. गेब्रिएल केवळ गात नसे, तो सोंगे आणी. कोल्ह्याचे मुंडके व अंगात तांबडा झगा अशा वेषात तो १९७२ साली रंगमंचावर अवतरला, आणि वृत्तपत्रांना छायाचित्र मिळाले. त्या दिवसापासून लोकांच्या डोळ्यांत जेनेसिस म्हणजे गेब्रिएल असे समीकरण बसले. डोळ्यांत, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण कानांनी ऐकणाऱ्याला वेगळेच दिसले असते. (वाक्य जरा विचित्र झाले खरे, पण राहू द्यावे.) १९७४च्या 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या जोडआल्बमचे शब्द जवळजवळ सर्व गेब्रिएलचे, पण संगीताचा फार मोठा भाग उरलेल्या चौघांनी बसून रचलेला. तोपर्यंत या मंडळींचा प्रघात असा की रचना कोणाचीही असो, श्रेय सर्वांच्या नावे छापायचे. प्रघात उदार होता, परंतु त्याचा परिणाम असा झाला की सर्वांचे श्रेय जो समोर दिसे त्याच्या खाती जमा होऊ लागले.

१९७५ साली गेब्रिएलने बँड सोडला. आता हा बँड संपला, असे भाकीत करणाऱ्यांची तेव्हा इंग्लंडमध्ये वाण नव्हती. राहिलेल्या चौघांनी काय केले? गायक शोधण्याआधी त्यांनी संगीत रचावयास घेतले. अनेक उमेदवारांची परीक्षा झाली, कोणी पटेना. शेवटी ड्रम्सवरचा कॉलिन्सच उठला आणि गायला. १९७६च्या फेब्रुवारीत 'अ ट्रिक ऑफ द टेल' बाहेर पडला आणि इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. या आल्बमवर प्रथमच प्रत्येक रचनेखाली रचणाऱ्यांची निरनिराळी नावे छापली गेली. आता तरी ऐकणाऱ्याने विचार करावयास हवा होता. 'एन्टँगल्ड'मधील ती झोपेच्या काठावर हेलकावणारी गिटार हॅकेटची. 'रिपल्स'च्या मधोमध पियानोची जी लाट उठते ती बँक्सची. 'लॉस एन्डॉस' ही शेवटची रचना तर जवळजवळ संपूर्ण वाद्यांची. गळा गेला होता, गाणे गेले नव्हते. आमच्या स्नेह्यांना हा आल्बम अतिशय प्रिय आहे. म्हणजे त्यांचा सिद्धान्त त्यांच्याच कपाटातील एका तबकडीने खोटा ठरविला आहे, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही!

यावर ते म्हणतील (पुढे एकदा म्हणालेही), "कॉलिन्सची गोष्ट निराळी. तो घरचाच होता." मान्य. किंबहुना हाच आमचा मुद्दा आहे, पण ते समजतात त्या अर्थाने नव्हे. कॉलिन्स घरचा होता म्हणून त्याच्या गळ्यात गेब्रिएलचा गळा उतरला, असे झाले नाही. दोघांच्या गळ्यांत पुष्कळ अंतर आहे. झाले ते हे की रचणारी चारही माणसे जागेवर राहिली, आणि त्यांचा एकमेकांशी चाललेला संवाद खंडित झाला नाही. रंगमंचावर ड्रम्स सांभाळावयास १९७६मध्ये बिल ब्रुफर्ड आणि पुढील वर्षापासून चेस्टर टॉम्पसन आले, पण ध्वनिमुद्रणात ड्रम्स कॉलिन्सचेच राहिले.

१९७७ साली हॅकेट गेला आणि तिघे उरले. येथून पुढे या मंडळींनी नवी पद्धत धरली. १९८०च्या दशकात ती सरे परगण्यातील 'द फार्म' या स्वतःच्या ध्वनिमुद्रणगृहात रुजली. हाती काही न घेता तिघांनी एकत्र बसायचे. रदरफर्डने यंत्रावर एखादा ताल सोडावा, बँक्सने त्यावर स्वरांचे ढग पसरावेत, आणि कॉलिन्सने निरर्थक अक्षरे गुणगुणत त्यांतून चालीचा धागा ओढावा. 'ममा'सारखी रचना अशीच निघाली. येथे कॉलिन्स केवळ गायक नव्हता. ताल कोठे रोखावा, रिकामी जागा किती सोडावी, बँक्सच्या भरगच्च स्वरसंगतीला कोठे लगाम घालावा, हे सांगणारा तो तिसरा कान होता. त्या काळातील गाणी पहिल्या काळाच्या मानाने उथळ आहेत असे काहींचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्यही आहे, परंतु तो वाद आज नको. १९९१च्या 'वी कान्ट डान्स'ने इंग्लंडात पहिला आणि अमेरिकेत चौथा क्रमांक गाठला, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

१९९६च्या मार्चमध्ये कॉलिन्स गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा जेनेसिसने नेमके काय गमावले? जनता म्हणाली, गायक. आम्ही म्हणतो, ड्रम्स वाजवणारा हात आणि रचनेच्या बैठकीतील तिसरा माणूस. गायक ही त्या गमावलेल्या गोष्टींतील सर्वांत सहज भरून निघण्याजोगी गोष्ट होती, आणि ती भरूनही निघाली. स्कॉटलंडचा रे विल्सन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या 'स्टिल्ट्स्किन' या बँडचे गाणे १९९४ साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेले. आवाज खर्जाकडे झुकणारा, धुरकट, थोडा खरखरीत. एका परीने कॉलिन्सपेक्षा गेब्रिएलच्या जातकुळीला जवळचा. उणी राहिली ती बैठकीतील तिसरी जागा. बँक्स आणि रदरफर्ड यांनी आल्बमचे बहुतेक संगीत विल्सन येण्यापूर्वीच रचून ठेवले होते. अकरा रचनांपैकी केवळ तिहींवर विल्सनचे नाव सहरचनाकार म्हणून आहे. ड्रम्ससाठी नीर झी आणि निक डव्हर्जिलिओ असे दोन उत्तम वादक बोलावले गेले, पण तयार झालेल्या इमारतीला रंग देण्यासाठी बोलावलेल्या कारागिरांसारखे. आराखड्यात भिंत कोठे असावी हे त्यांना कोणी विचारले नाही.

या जागी आम्हांस आमचीच एक हकीकत आठवते. काही वर्षांपूर्वी आमची बदली एका दूरच्या शहरातील कचेरीत झाली. आमच्या जागी पूर्वी होते ते गृहस्थ फार लोकप्रिय. हसतमुख, सर्वांच्या मुलांची नावे पाठ, दिवाळीला घरचा फराळ टेबलाटेबलावर नेऊन ठेवणारे. आम्ही रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी एका प्रकरणास दोन महिने विलंब झाल्याबद्दल आम्हांस जाब विचारण्यात आला. नस्ती उघडून तारखा दाखविल्या, तो सारा विलंब आमच्या येण्यापूर्वीचा. वरिष्ठांनी तारखा पाहिल्या, मान हलविली आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण ते असताना असे होत नसे." बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी हे वाक्य ऐकले असेल, आणि, स्मरण प्रामाणिक असेल तर, कितीजणांनी ते उच्चारलेही असेल!

विल्सनच्या आल्बमची नस्ती आता उघडू. दोष आहेत, आणि ते झाकण्याची आमची इच्छा नाही. सुमारे ६८ मिनिटांचा हा आल्बम पंधरा-वीस मिनिटांनी आखूड असता तर बरे झाले असते. 'इफ दॅट्स व्हॉट यू नीड' गोड आहे, पण कोठेच जात नाही. 'शिपरेक्ड' एकाच पायरीवर उभे राहते. कित्येक गाणी मंद्र लयीत सुरू होतात आणि तेथेच रेंगाळतात, कोणीतरी उठून ताल मोडावा असे वाटत राहते. आता या प्रत्येक दोषाची तारीख तपासावी. लांबी, लय, रचनेचा रेंगाळ हे सर्व रचनेच्या टेबलावरचे दोष, गळ्यातले नव्हेत. त्या टेबलाशी कोण बसले होते ते वर सांगितलेच आहे. 'स्मॉल टॉक' हे गाणे फसले आहे आणि त्यावर विल्सनचे नाव आहे, तेवढा दोष त्याच्या पदरी अवश्य घालावा. पण मग 'नॉट अबाउट अस' या साध्या, सरळ, मनाला भिडणाऱ्या गाण्यावरही त्याचेच नाव आहे, तेही त्याच्याच पदरी घालावे लागेल.

आणि जे चांगले आहे ते? 'द डिव्हायडिंग लाइन' ऐकावे. प्रारंभीच कीबोर्डची आवर्तने एकीवर एक चढत जातात, ड्रम्स त्यांना मागून रेटतात, आणि बराच वेळ वाद्यांचा हा झगडा चालल्यावर विल्सनचा आवाज येतो तो विनवीत नाही, फटकारतो. या जागी कॉलिन्सचा उंच, आर्जवी गळा चालला नसता असे आमचे स्पष्ट मत आहे. 'वन मॅन्स फूल'चा विषय बॉम्बस्फोट आणि ते घडविणाऱ्यांची आंधळी खात्री. हलक्याफुलक्या गाण्यांची चटक लागलेल्या जेनेसिसने असा विषय कित्येक वर्षांत हाताळला नव्हता. शीर्षकगीतात एकट्या पडलेल्या माणसाची हाक आहे, आणि त्या भसाड्या, थकलेल्या स्वरातच तिची सत्यता आहे. 'अन्सर्टन वेदर'बद्दल एवढेच म्हणतो की ते रात्री ऐकावे.

पण हे ऐकणार कोण? इंग्लंडात आल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला खरा, परंतु अमेरिकेत त्याने चोपन्नाव्या क्रमांकाच्या वर डोके काढले नाही. तेथील नियोजित दौरा तिकिटे खपेनात म्हणून रद्द झाला. १९९८च्या आरंभापासून मेअखेरपर्यंत विल्सनने युरोपात गेब्रिएलची गाणी गायिली, कॉलिन्सची गायिली, स्वतःचीही गायिली. आपल्या गळ्याला मानवावे म्हणून जुन्या गाण्यांची पट्टी खाली उतरविली, तर त्यावरही टीका! आणि नंतर? नंतर काहीच नाही. दुसरा आल्बम झालाच नाही. १९९९ साली निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी एक जुने गाणे नव्याने मुद्रित झाले, त्यासाठी गेब्रिएल आणि कॉलिन्स या दोघांना बोलावण्यात आले. २०१० साली अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये जेनेसिसची पाच नावे नोंदली गेली, त्यांत विल्सनचे नाव नाही. २०२२च्या मार्चमध्ये लंडनला अखेरची मैफल झाली. कॉलिन्स प्रकृतीमुळे खुर्चीत बसून गायला, त्याचा मुलगा ड्रम्सवर होता आणि गेब्रिएल श्रोत्यांत बसला होता. वृत्तान्त वाचताना आमचेही डोळे पाणावले, हे कबूल करतो. पण ते पुसताना मनात आले की या कुटुंबाच्या छायाचित्रात एका माणसाला उभे राहावयास जागा कशी मिळाली नाही?

येथे कोणी म्हणेल, हा जगाचाच न्याय आहे, त्याला इलाज नाही. आम्हांस ते मान्य नाही, कारण इलाज झाल्याचे उदाहरण शेजारीच आहे. 'मॅरिलियन' हा याच पंथाचा, जेनेसिसच्याच वळणावर वाढलेला इंग्लिश बँड. १९८८ साली त्यांचा 'फिश' या नावाने गाणारा धिप्पाड, लोकप्रिय गायक निघून गेला. १९८९मध्ये स्टीव्ह होगार्थ आला. तोही संगीताचा मोठा भाग आधीच रचलेला असतानाच आला. परिस्थिती जवळजवळ तीच. 'सीझन्स एन्ड' त्याच वर्षी बाहेर पडला आणि इंग्लंडात सातव्या क्रमांकावर थांबला, म्हणजे विल्सनच्या आल्बमपेक्षा पाच पायऱ्या खाली. कुरकुर तेव्हाही झाली. फरक असा की मॅरिलियनच्या मंडळींनी नव्या माणसाला पहिल्याच आल्बममध्ये 'ईस्टर'सारखे त्याचे स्वतःचे गाणे गाऊ दिले, दुसऱ्या आल्बमसाठी ठेवून घेतले, तिसऱ्यासाठीही ठेवून घेतले. तो तिसरा म्हणजे १९९४चा 'ब्रेव्ह'. पुलावर सापडलेल्या एका अनोळखी मुलीची कथा सलग सत्तर मिनिटे सांगणारी, आमच्या मते या पंथातील शेवटच्या थोर कृतींपैकी एक. आणि १९९७ साली, ज्या वर्षी जेनेसिसचा अमेरिकेतील दौरा तिकिटांअभावी रद्द झाला त्याच वर्षी, होगार्थला अमेरिकेत ऐकता यावे म्हणून तेथील चाहत्यांनी आपसांत सुमारे साठ हजार डॉलर जमवून मॅरिलियनचा दौरा घडवून आणला. 'नव्या गायकाला श्रोते स्वीकारत नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी या आकड्याचे काय करावयाचे ते सांगावे.

आणि आमच्या स्नेह्यांसारख्या नाट्यसंगीताच्या जाणकाराने तरी हे विधान करू नये. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले तेव्हा किर्लोस्कर मंडळीचा प्राण गेला असेच महाराष्ट्राला वाटले असणार. १९०५ साली त्या मंडळीत एक पोरसवदा नारायण राजहंस दाखल झाला. 'भाऊराव नव्हे' एवढ्यावरच प्रेक्षक उठून गेले असते, तर ज्यांच्या तबकड्या आमचे स्नेही डोळे मिटून ऐकतात ते बालगंधर्व कोठून आले असते? विल्सन हा बालगंधर्व आहे असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणण्याइतके आमचे डोके फिरलेले नाही. तो कोण होऊ शकला असता हे कळण्याची संधी मात्र एका आल्बमवर संपली. पुढे विल्सन पोलंडमधील पोझनान शहरी जाऊन राहिला. तेथे त्याने स्वतःचे आल्बम काढले, आणि आपल्या मैफलींत तो जेनेसिसची गाणीही गात राहिला. ज्या घराने त्याला आपले म्हटले नाही त्या घराचा दिवा त्याने परगावी लावून ठेवला, म्हणा ना.

स्नेह्यांना हा लेख छापून येण्यापूर्वीच वाचावयास दिला आहे, पाठीमागून बोलल्याचा दोष नको. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला हवे होतेत. पण गाणे मला आवडत नाही ते नाहीच." न आवडण्याचा त्यांचा अधिकार आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. मात्र येत्या रविवारी चहा आमच्या घरी आहे, आणि 'द डिव्हायडिंग लाइन' संपेपर्यंत फोन आमच्या खिशात राहील.